नितीनने ब्रश उचलला तेव्हा

गेल्या शुक्रवारी मी आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवला... आणि चार पावलांत आडवी झाले. शे-दीडशे लोकांसमोर. हाड मोडलं नाही, पण सांगण्यासारखं बरंच काही झालं.

माझ्या नवऱ्याच्या, नितीनच्या ऑफिसने एका चॅरिटी कर्लिंग टूर्नामेंटमध्ये टीम दिली होती. लहान मुलांच्या व्हीलचेअरसाठी निधी गोळा करायचा, खेळणारे सगळे ऑफिसवाले आणि सगळेच नवखे. हँडल लावलेला ग्रॅनाइटचा जड दगड बर्फावरून सरकवायचा आणि तो लांबच्या वर्तुळात थांबायला हवा. दगडाच्या पुढे दोघंजण ब्रशने बर्फ घासत पळतात... घासलं की दगड आणखी लांब जातो. बाहेर कुवेतचं ऊन अंग भाजतंय आणि आत आम्ही स्वेटर घालून बसलोय!

माझा जीव त्या घासत पळण्यात अडकला होता. मागच्या हिवाळ्यात नितीनला हार्ट अटॅक आला, दोन स्टेंट बसवले. वय फक्त त्रेचाळीस.

मी इथल्या जाब्रिया भागातल्या एका क्लिनिकमध्ये ईसीजी टेक्निशियन आहे. दिवसभर परक्या माणसांच्या हृदयाच्या रेघा बघते. त्या दिवशी नवऱ्याची रेघ बघितली... आणि तेव्हापासून मला घरात स्वस्थ बसताच येत नाही. त्याला बाथरूममध्ये जरा वेळ लागला की मी दार वाजवते. तो बाजारातून एगैलाच्या आमच्या घरी पोचेपर्यंत त्याला तीनदा फोन करते.

"मी फक्त दगड टाकणार, ब्रशला हात लावणार नाही," असं त्याने कबूल केलं होतं. तरी मी प्रेक्षकांच्या बाकावर बसत होते, उठत होते, काचेपाशी जाऊन परत येत होते. शेवटी आमची इरा, वय तेरा, वैतागून म्हणाली, "आई, प्लीज सिट डाउन. एव्हरीवन इज लुकिंग!"

शेवटचा दगड राहिला होता. तो वर्तुळाच्या मधोमध थांबला तर नितीनची टीम जिंकणार होती. नेमका तेव्हाच त्यांच्या एका घासणाऱ्याचा गुडघा मुरगळला आणि तो लंगडत बाजूला झाला.

नितीनने इकडेतिकडे बघितलं. माझ्याकडे सोडून सगळीकडे. आणि ब्रश उचलला.

दगड सुटला, हा वाकून जोरजोरात घासत पळायला लागला... लालबुंद चेहरा, तोंड उघडं. मला बाकी काही दिसेना. बर्फाकडे जायचं ते छोटं फाटक मी कधी उघडलं, मला खरंच आठवत नाही.

"नितीन, थांब! थांब म्हणते ना!"

पायात साध्या सँडल्स. मी घसरले ती थेट दगडावर. माझा पाय लागला आणि छान चाललेला दगड तिरका होऊन भलतीकडेच गेला.

नितीन जपून पावलं टाकत आला आणि माझ्याशेजारी खाली बसला. मी आधी त्याचं मनगट धरलं. नाडी जोरात होती, पण एका लयीत.

"छातीत दुखतंय का?"

"नाही दुखत. पळाल्यावर सगळ्यांना लागते तेवढीच धाप लागलीये." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "डॉक्टर म्हणाले होते, आता खेळ, पळ. तू शेजारीच बसली होतीस."

"हो, पण..."

"रोज सकाळी उठतो तेव्हा मला बरं वाटत असतं गं. मग तुझा चेहरा बघतो... आणि वाटतं, आपलं काही खरं नाही."

इतके महिने मी त्याला जपतेय असं मला वाटत होतं... आणि त्याला रोज सकाळी माझ्या तोंडावर स्वतःचं दुखणं दिसत होतं.

तेवढ्यात समोरच्या टीमच्या कॅप्टन आल्या. पन्नाशीच्या कुवेती बाई, अबाया आणि खाली स्पोर्ट्स शूज. "शुवय शुवय, हबीबती," हळू हळू गं बाई, म्हणत त्यांनी मला उभं केलं. नितीनने ओशाळून त्यांना इंग्रजीत सगळं सांगितलं.

ते ऐकून त्या पंचांना म्हणाल्या, "बाहेरच्या माणसाचा पाय लागला. दगड परत टाकू द्या." खरं तर वाया गेलेल्या दगडाने त्याच जिंकल्या असत्या.

आणि स्वतःचा ब्रश माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "एक माणूस कमी आहे ना? तू घास. नवऱ्याच्या शेजारी राहून घास."

कुणीतरी न घसरणारे बूट दिले. दगड सुटला आणि आम्ही दोघं वाकून घासत निघालो. अर्ध्यात माझाच दम संपला. मी थांबले, ब्रशवर रेलून उभी राहिले... आणि नितीन पुढे गेला. घासत, ओरडत, हसत. मी त्याची पाठ बघत होते. शेवटपर्यंत गेला तो.

दगड वर्तुळाच्या अलीकडेच थांबला. हरलो! मी पुरतं घासलं असतं तर कदाचित पोचला असता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या बाईंनी सगळ्यात जास्त. गडबडीत त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याची मला आजही चुटपुट लागलीये. कुणाच्या ओळखीच्या असतील तर माझे मनापासून आभार पोचवा.

मी बदलले वगैरे म्हणणार नाही. काल संध्याकाळी नितीन एकटाच समुद्राकडे चालायला गेला. मी फोन उचलला, खाली ठेवला, परत उचलला... शेवटी फोन बेडरूममध्ये ठेवून पोळ्या लाटायला घेतल्या.

तो आला तेव्हा घामाने भिजलेला होता. मी वर बघितलं आणि ठरवून हसले... जरा जास्तच असेल. पोळ्यांनी गच्च भरलेल्या डब्याकडे बघून तो म्हणाला, "आज जेवायला कोण येणारे?"