मैलांचा काटा

ही गोष्ट मी इतकी वर्षे टाळली. आमच्या शहरातल्या रांझी भागातला एक मिस्त्री पेचकस इंजिनाला टेकवून दांडा कानाशी धरायचा आणि आवाजावरून बिघाड ओळखायचा. माझ्या मोटारसायकलला मी भंगारातला स्पीडोमीटर बसवला होता.

"तीनदा दुरुस्त केलीस, तरी चाळीसच्या वर काहून जात नाही?" मी चारचौघांत ओरडलो.

तो गाडी लांबच्या अधारताल भागापर्यंत पळवून आला. वाऱ्याने केस उभे, डोळ्यांत पाणी.

"काका, काटा खोटं बोलून राहिला, इंजिन नाही."

मी त्याला लुच्चा म्हणालो. दोन गिऱ्हाइके तिथूनच परतली.

घरी चष्मा लावल्यावर दिसले, मीटर मैलांचा होता. चाळीस म्हणजे चौसष्ट किलोमीटर!

माफी मागायला गेलो, तर गाडीचा आवाज ओळखून त्याने शटर ओढले. अजूनही ओढतो. पायी गेलो असतो तर सापडला असता. तेवढे मात्र मी आजवर केले नाही.