भिंतीजवळचं भोक

माझ्या टकलावर दिवसभर गार हवा सोडणारा माणूस आज सकाळी गेला.

तक्रार गंभीर आहे. लातुरात भर उन्हाळ्यात रस्त्यावरचं डांबर मऊ होतं आणि मी माझ्याच अभ्यासिकेच्या काउंटरवर कानटोपी घालून बसतो. पालक काळजीने विचारतात, "सर, बरं नाही का?"

बरं आहे हो. एसीच्या डक्टचं तोंड माझ्या डोक्यावर आहे, इतकंच. आणि ते तिथेच राहील, असा मिलिंदचा हुकूम होता.

मिलिंद म्हणजे नांदेडच्या होस्टेलमधला माझा रूम पार्टनर. किनवटकडचा. पुढे तो स्ट्रक्चरल इंजिनियर झाला आणि मी लोकांची टिंगल लिहायला लागलो. दुसऱ्याच्या कामातल्या भेगा दोघांनाही दिसायच्या. फरक एवढाच की त्याच्या सांगण्यावरून लोक त्या बुजवायचे.

माझ्या अभ्यासिकेत लोखंडी पोटमाळा आहे. वर पोरं नीटचा अभ्यास करतात, खाली मी त्यांच्यावर लक्ष ठेवल्याचा अभिनय करतो. पोटमाळ्याचा मुख्य बीम मिलिंदनेच डिझाइन केलेला. वर आडवी पट्टी, खाली आडवी पट्टी, आणि दोघींना जोडणारा उभा पत्रा.

एसी बसवताना डक्टला बीममधून वाट हवी होती. एसीवाले नागनाथराव म्हणाले, "मधी कापलं तर बीम वाकंल सर. कडंला कापतो, भिंतीपाशी. तिथं भिंत धरती की त्याला."

मला पटलं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला पटलं.

तुम्हालाही पटलंय. खोटं बोलू नका.

झालं. भिंतीजवळ, त्या उभ्या पत्र्यात, परात जाईल एवढं चौकोनी भोक पडलं.

त्याच आठवड्यात मिलिंद नेहमीसारखा 'जयभीम' करत चहाला आला. खुर्ची ओढता ओढता वर बघितलं आणि ओढायचा थांबला.

"वरची पोरं खाली घे."

"चहा तर घे."

"आधी पोरं."

"अरे, परीक्षा तोंडावर आलीय. पोटमाळा बंद केला तर पालक फाडून खातील मला."

"खाऊ दे. पोरं तर धड घरी जातील."

पोरं कुरकुरत उतरली. मी चिडलो. "एवढं काय झालंय? बीम जरासुद्धा वाकलेला नाही."

"तेच तर. वाकायचं असलं की आधी दिसतं, माणूस पळतो. शिअरमध्ये गेला तर निरोप देत न्हाई."

शिअर. आपल्या पुस्तकात याला कर्तन बल म्हणतात. ऐकून वाटतं, सलूनमधली अडचण असेल.

"औश्याची एसटी डोळ्यासमोर आण," मिलिंद म्हणाला. "माणसं सगळ्या बसभर. पण उतरायचं कुठून? दारातून. चेंगराचेंगरी दारातच. वरच्या सगळ्या पोरांचं वजनबी दोन टोकांनीच भिंतीत उतरतं. अन् तिथं ते हा उभा पत्रा सोसतो. तुम्ही दाराची पायरीच कापली लेको."

"आणि मधे?"

"मधे वाकणं जास्त. ते वरची-खालची पट्टी सांभाळते. उभ्या पत्र्याला तिथं फारसं काम न्हाई. सरकारी हापिसात असतात ना काही जण, तसा."

माझ्या चेहऱ्यावरचा संशय बघून त्याने टेबलावरच्या लग्नपत्रिका घेतल्या. पुठ्ठ्याच्या पट्ट्या, मधे वहीचा कागद, डिंक. दोन बीम. एकाला मधोमध भोक, दुसऱ्याला टोकाशी. पुस्तकांच्या थप्प्यांवर दोन्ही टेकवले आणि वर पुस्तकं रचायला लागला.

मधे भोक असलेला उभा राहिला.

टोकाशी भोक असलेल्याच्या कागदावर एक तिरकी सुरकुती उमटली, आणि तो खाली बसला. आवाजसुद्धा नाही.

कुरकुरणारी पोरं एव्हाना टेबलाला चिकटली होती. शिरूर अनंतपाळची एक मुलगी म्हणाली, "पण सर, वजन तर सरळ खाली हाय. सुरकुती तिरकी का पडली?"

मिलिंदचा चेहरा असा उजळला, जणू स्थळ पसंत पडलं.

त्याने खिशातला रुमाल काढला. "ही बाजू तू धर, वर ओढ. ही मी खाली ओढतो. बघ, चौकोन कलला. हे दोन कोपरे लांब गेले, तिथं कापड ताणलं. हे दोन जवळ आले, तिथं दबलं. पातळ पत्रा ताण सोसतो. दाबलं की सुरकुततो."

ती मुलगी रुमाल कितीतरी वेळ ओढत, सोडत बसली. मीही घरी जाऊन ओढला. बायको म्हणाली, "बरं नाही का?"

मग बीमखाली लोखंडी टेकू उभे राहिले. भोकावर दोन्ही बाजूंनी जाड प्लेट वेल्ड झाल्या, शेजारी उभ्या पट्ट्या. डक्टसाठी नवं भोक मधोमध, म्हणजे बरोबर माझ्या काउंटरच्या वर, लहान आणि गोल. गोल का? चौकोनाच्या कोपऱ्यापासून फाटायला सुरुवात होते म्हणून. नागनाथराव सगळं बघून म्हणाले, "म्हंजे आपण भिंतीवर उगंच भरवसा ठिवला."

तेवढ्या दिवसांत काही पोरं समोरच्या अभ्यासिकेत गेली. परत आली नाहीत. त्याचं मला आता काही वाटत नाही.

काम संपल्यावर पोरांच्या आधी मिलिंद वर गेला. भिंतीजवळच्या शेवटच्या खुर्चीत, जुन्या भोकाच्या बरोबर वर बसून शेंगदाणे खाल्ले.

"ये की वर."

"गुडघे दुखतात."

"गुडघे न्हाई. घाबरून राहिला तू. पोरांना बसवतो, मग मालकानं बी बसावं."

"उद्या येतो."

पुढे दर भेटीत तेच. "मालक, वर कधी?" "उद्या."

आज सकाळी नांदेडहून त्याच्या मुलीचा फोन आला. अॅटॅक. दुपारी तिकडे सगळं आटोपलं. संध्याकाळी लातुरात उतरलो तो थेट अभ्यासिकेत.

जिना चढलो. पोरांनी माना वर केल्या. भिंतीजवळच्या शेवटच्या खुर्चीतला मुलगा घाईने उठला. त्याला दुसरीकडे बसायला सांगितलं.

अभ्यासिका बंद होईपर्यंत तिथेच बसलो.

मिलिंद, वर येऊन बसलो रे.

जयभीम.