हळद लागलेली गाडी

अण्णासाहेबांनी आयुष्यात एकच बैल विकला होता, आणि तोही पुढच्याच बाजारी स्वतः विकत घेऊन घरी आणला होता. मधल्या दलालाने त्याची शिंगं रंगवली होती, गळ्यात घुंगरं बांधली होती, एवढाच काय तो फरक. बैल गोठ्यात शिरला आणि आपणहून आपल्या दावणीला जाऊन उभा राहिला, तेव्हा वडील म्हणाले, "तुम्हा दोघांत शहाणा कोण, ते आज ठरलं." जालन्याकडच्या त्यांच्या गावात ही गोष्ट अजून सांगतात. दिल्लीत दुसऱ्या कोणी सांगायच्या आत अण्णासाहेब स्वतःच सांगून मोकळे होतात.

तर एवढ्या भांडवलावर या गृहस्थांनी ठरवलं, की आपल्याला विक्रीतलं कळतं.

निमित्त झालं देविकाचं. देविका त्यांची धाकटी सून, नोएडातल्या एका मोटारींच्या शोरूमची सेल्स मॅनेजर. अण्णासाहेबांनी जन्मभर केंद्र सरकारच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये संसार केला, आणि निवृत्तीनंतर मुलाकडे नोएडात आले. आता संध्याकाळी सुनेकडून मोटारींच्या धंद्याच्या बातम्या ऐकणं हे त्यांचं कीर्तन.

"अण्णा, कारखान्यातून गाडी निघून आमच्या यार्डात आली, की कंपनी म्हणते विकली."

"आणि गिऱ्हाईक?"

"ते आम्ही शोधायचं."

"वा! म्हणजे पोरीला मांडवात आणून बसवलं आणि पेपरात छापून टाकलं, लग्न झालं. नवरदेव तुम्ही धुंडाळा."

नफ्याचंही तसंच. गाडीत म्हणे फारसं काही सुटत नाही; सुटतं ते विम्यात, सीटकव्हरात आणि पायाखालच्या मॅटमध्ये. "बैल फुकट, झूल महाग," अण्णासाहेबांनी निकाल दिला. शिवाय हल्ली लोकांना गाडी उंच हवी आणि तिचं छत उघडणारं हवं. दिल्लीच्या ज्येष्ठातल्या उन्हात डोकं भाजून घ्यायला माणसं जास्तीचे पैसे मोजतात, हे ऐकून त्यांना दोन दिवस हसू येत होतं. या उंच गाड्यांपायी लहान गाड्या यार्डात तशाच उभ्या राहिल्या. सणाच्या तोंडावर सरकारने कर उतरवला तशी त्यांच्यात थोडी धुगधुगी आली, पण रांग काही हलेना.

मग एके दिवशी देविकाने जेवताना भाजीला नावं ठेवली नाहीत. प्रकरण गंभीर आहे, हे अण्णासाहेबांनी तेव्हाच ओळखलं. खोदून विचारल्यावर ती म्हणाली, "मालकांनी सांगितलंय, भाऊबीजेपर्यंत लहान गाड्या गेल्या पाहिजेत. नाहीतर मी विम्याच्या काउंटरवर, आणि माझ्या खुर्चीत त्यांचा भाचा."

त्या रात्री अण्णासाहेबांच्या अंगात तोच जुना बैलविक्या संचारला.

त्यांनी सुनेला काही सांगितलं नाही. लक्ष्मीबाई नगरच्या जुन्या ओळखी काढल्या. कोणाची डिझेल गाडी दहा वर्षांची होऊन दिल्लीतून बाद झाली होती, कोणाच्या मुलीला नोकरी लागली होती. अण्णासाहेबांनी फोनवर प्रत्येकाला एकेक गोष्ट ऐकवली. निम्म्यांनी गोष्ट संपावी म्हणून होकार दिला. त्यात सोलापूरचे शेखसाहेबही होते. मुहूर्ताशी त्यांना देणंघेणं नव्हतं, पण घोळक्यात भाव बरा मिळतो एवढं त्यांना कळत होतं. बाकीच्यांनी एकच अट घातली: गाडी हातात पडायची ती दिवाळीच्या पाडव्यालाच. साडेतीन मुहूर्तांतला निदान अर्धा तरी साधायला नको का?

शोरूममध्ये ही सगळी नोंदणी केली मानस नावाच्या सेल्समनने. तो नुकताच नागपूरहून आलेला. "मॅडमना सरप्राइज देऊ, काका!" तो म्हणाला. दोन मराठी माणसं एकमेकांना भेटली, पाडवा शुभ यावर त्यांचं एकमत झालं, आणि मग तिसऱ्या कोणाला विचारायची गरज राहिली नाही.

पाडव्याच्या सकाळी सगळे यार्डात जमले. नारळ, लिंबं, झेंडूच्या माळा, पेढ्यांचे पुडे. गाड्या ओळीने उभ्या, अंगावर दिवाळीच्या फटाक्यांची धूळ. ना कोणी धुतलेल्या, ना नंबरपाट्या बसवलेल्या. आतल्या वर्कशॉपमध्ये पाने, हातोडे, जॅक सगळे चौरंगावर ओळीने मांडले होते. त्यांना कुंकवाचे टिळे लागले होते आणि समोर उदबत्ती जळत होती.

"चलो, बलबीरजी, फटाफट पाट्या बिठा दो," अण्णासाहेब फर्मावते झाले.

फोरमन बलबीर सिंगांनी हात जोडले. "बाऊजी, आज विश्वकर्मा का दिन है. आज औज़ार आराम करते हैं. कल आइए, आधी रात को बुलाइए. आज हाथ नहीं लगाएँगे."

मानसचा चेहरा उतरला. अण्णासाहेबांचा उतरायलाही जागा उरली नव्हती. अर्धा जन्म दिल्लीत काढला, पण दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ते कायम घरात पाटावर बसून ओवाळून घेत होते. बाहेर कारागीर काय करतात हे बघायला उठलंय कोण?

प्रभाताई जुन्या शेजारीण, जिभेला धार. त्या म्हणाल्या, "अण्णासाहेब, मुहूर्त मुळात अर्धा. तोही तुम्हीच खाल्लात."

"आम्ही उंच गाडी घेतो दुसरीकडे," मागून कोणीतरी पुटपुटलं.

एवढ्यात मानसचा फोन मिळताच देविका धावत आली, पाडव्याच्या नव्या साडीत. तिने गर्दी पाहिली, सासऱ्यांना पाहिलं, आणि क्षणात सगळं समजली. रागवायलाही वेळ नव्हता. ती फोरमनकडे वळली. "बलबीरजी, प्लीज. मालिक को फोन करूँ क्या?"

मालकाने सांगितलं असतं तर पाने उचलावेच लागले असते. बलबीर सिंग चौरंगाकडे पाहत राहिले.

आणि अण्णासाहेबांना ते बघणं ओळखीचं वाटलं. लहानपणी एकदा पोळ्याच्या दिवशी गावचा पाटील दारात आला होता, "आभाळ भरून आलंय, एवढा एक तुकडा नांगरून दे," म्हणत. तेव्हा वडील बैलांकडे असेच पाहत उभे होते. मग म्हणाले होते, "रान वाहून गेलं तर जाऊ द्या. आज खांद्यावर जू नाही."

"देविका, फोन ठेव," अण्णासाहेब म्हणाले.

"अण्णा, माझी खुर्ची—"

"तुझ्या खुर्चीचं मी बघतो. घोळ माझा आहे."

आणि ते एका टायरवर चढले. टायर डगमगला, शेखसाहेबांनी कोपर धरलं. "मंडळी, आज या लोकांचा पोळा आहे! पोळ्याला बैल जुंपतं का कोणी? आणि तुम्ही घरून एवढे पेढे आणलेत, ते गाडीने खायचे आहेत का? आज पूजा करा, किल्ली हातात घ्या, मुहूर्त पदरात पडला. उद्या भाऊबीजेला गाडी न्या, बहिणीकडे मिरवत जा. आणि मी बोललो त्यात कमी पडलं, तर उरलेली गाडी माझी!"

"उरलेली कोणती ते आत्ताच दिसतंय," प्रभाताई म्हणाल्या.

ओळीच्या टोकाला एक गाडी होती, हळदीसारखी पिवळी. केव्हाची हळद लावून बसलेली, पण कोणी करून घ्यायला तयार नव्हतं. मानसने ती एका फारसं न बघणाऱ्या माणसाच्या नावाने नोंदवली होती. आता त्या माणसाने बघितली, आणि तो पेढा न घेताच निघून गेला.

बाकीच्यांनी मात्र नारळ फोडले. बलबीर सिंगांना पहिला पेढा प्रभाताईंनी दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वर्कशॉपमध्ये पाने खणखणायला लागले. बलबीर सिंगांची माणसं चहालाही थांबली नाहीत. दुपारी एकेक गाडी फाटकाबाहेर पडत गेली. देविका दारात उभी राहून प्रत्येकाला हात करत होती, आणि तिची नजर पुन्हापुन्हा टोकाच्या पिवळ्या गाडीकडे जात होती.

अण्णासाहेबांनी चेकबुक काढलं.

"अण्णा, तुमचं लायसन्स कधीच संपलंय. चालवणार कोण?"

"बैल घेणाऱ्याने नांगर ओढायचा नसतो, सूनबाई."

गाडी बाहेर आली तेव्हा दोन्ही हेडलाइटांवर लाल गोंडे लटकत होते, बॉनेटवर गेरूने शिंगं काढली होती, आणि पुढे घुंगरांची माळ वाजत होती. आदल्या दिवशी अण्णासाहेबांनी बलबीर सिंगांना पोळ्याची गोष्ट सांगितली होती, अर्थात बैलाच्या गोष्टीसकट.

"बाऊजी," बलबीर सिंग किल्ली देत म्हणाले, "ये वाला वापस मत ख़रीदना."

देविका चालवायला बसली. अण्णासाहेब मागे, घुंगरांच्या तालावर मान डोलवत. सोसायटीच्या फाटकात शिरल्याबरोबर गाडी एकदा हिसका देऊन त्यांच्याच इमारतीखालच्या जागेत जाऊन उभी राहिली. अण्णासाहेब उतरले, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "हिला दावण दाखवावी लागली नाही. आमच्यात शहाणं कोण, ते पुन्हा ठरलं."