टेंबलाईची भांडी

आषाढातल्या मंगळवारी-शुक्रवारी कोल्हापुरात कुठल्याही पेठेत जा, पिपाणी आणि ढोल कानावर पडणारच. पोरं त्या वाजपालाच 'पी ढबाक' म्हणतात. पंचगंगेचं नवं पाणी घागरीत भरायचं, घागरीला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा आणि सगळ्या गल्लीनं मिळून टेंबलाईच्या टेकडीवर चालत जायचं. देवीला पाणी घातलं की परत यायचं आणि गल्लीतच रस्त्यावर जत्रेच्या पंगती मांडायच्या. त्या दिवशी आमच्याकडं कुणाच्या घरात वेगळी चूल पेटत नाही.

ह्या जेवणासाठी गल्लीनं वर्गणीतनं भांडी केली होती. दोन माणसांनी उचलावीत अशी पातेली, पराती, झारे, आंबिलीचा हंडा. प्रत्येकावर 'टेंबलाई प्रसन्न' असं कोरलेलं. आक्काच्या घराला मोठा माळा, म्हणून भांडी तिच्याकडं असायची. वर्षातनं एकदा खाली उतरायची, घासूनपुसून पुन्हा वर जायची.

आक्का म्हणजे चिमणाबाई. कळंब्याच्या शेतकऱ्याची लेक, लग्न होऊन आमच्या गल्लीत आली. नवरा पिराजी शिरोली एमआयडीसीत भट्टीवर कामाला. गडी तापट, पण मनानं लोण्याचा. एका पावसाळ्यात मोटारसायकल घसरली आणि त्याच्या पायात सळई बसली. भट्टीसमोर तासन्तास उभं राहणं संपलं. पिराजी दारातल्या खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसतं "काय पावणं, कुठं निघालासा?" विचारायला लागला. आक्का दोन घरच्या भाकरी करून द्यायची. कुरकुर तिच्या तोंडून कधी कुणी ऐकली नाही, पण तिचं ते मोठ्यानं हसणं गल्लीतनं गायब झालं होतं.

ते परत आलं धैर्यशीलच्या वास्तुशांतीला. धैर्यशील आमच्या तालमीचा अध्यक्ष. नवं घर बांधलं, पावणे बोलावले आणि ऐन सकाळी आचाऱ्याचा फोन आला की तो येत नाही. धैर्यशील डोक्याला हात लावून आक्काच्या उंबऱ्यावर बसला.

"आक्का, इज्जत जाती बघ आज."

"जाती कशी? माळ्यावरची भांडी काढ. मी करतो की!"

आमच्याकडं बायकाही 'मी करतो, मी जातो' असंच म्हणतात. आक्कानं पदर खोचला, गल्लीतल्या चार बायकांना हाक मारली आणि दुपारच्या आत वांग्याचा रस्सा, मसालेभात आणि लापशी तयार. पावणे बोटं चाटत उठले. जाताना एकजण विचारून गेला, "आमच्या बारशाला याल काय?"

एक बारसं झालं, मग डोहाळजेवण, मग कुणाची पूजा. आक्का बोलावतील तिथं जायला लागली, आणि भांडी तिच्याबरोबर.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. विजयसिंह, कोपऱ्यावरचा दूधवाला, बोलायला सडेतोड. त्यानं तालमीत बैठकच बोलावली. आक्का, पिराजी, आम्ही सगळे सतरंजीवर बसलो.

"माझं आक्काशी भांडण न्हाय," विजयसिंह म्हणाला. "पण भांडी देवीची हायत. धंद्याला वापरायची म्हंजे देवीला कामाला लावल्यागत झालं."

मान हलवणारे बरेच होते. पिराजी तापला, उठायला गेला, आक्कानं त्याच्या मांडीवर हात ठेवून त्याला बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"इजयसिंग, तुझ्या गोठ्यातल्या म्हशीची तू पाडव्याला पूजा करतोस न्हवं? शिंगं रंगवतोस, मिरवतोस?"

"व्हय."

"आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिचीच धार काढतोस. तवा लक्ष्मी कामाला लागली असं वाटतंय काय तुला?"

तालीम हसली. विजयसिंहही हसला, पण मागं हटला नाही. "म्हशीचं खाणंपिणं मी बघतो. भांड्यांचं कोण बघणार?"

प्रश्न खरा होता. तेव्हा आकारामतात्या बोलले. तात्या गल्लीतले सर्वांत वडील, जुने पैलवान, कान मोडलेले, आवाज अजून खणखणीत.

"ऐका. भांडं माळ्यावर पडून काळं पडतंय, त्यात देवीचा काय मान? वापरू दे तिला. पण देवीच्या भांड्याला देवीचा नेम पायजे. जत्रेचा सैपाक आक्कानं करायचा. कुणाच्या घरात मयत झाली तर पिठलं-भाकरी ह्याच भांड्यातनं जायची, न मागता. आणि हाताखाली माणूस लागलं तर पयलं गल्लीतलं."

"आणि कल्हई, डागडुजी, तुटफूट माझ्याकडं," आक्का म्हणाली.

विजयसिंह उठून तिच्या पाया पडला. "मग दूध-दही माझ्याकडनंच घ्यायचं!" असं वर म्हणालाही. बैठक चहावर संपली.

तो नेम गल्लीला फळला. संयोगिता, जिचा नवरा लहान वयात गेला होता, ती आक्काच्या हाताखाली पोळ्या लाटायला लागली आणि तिनं माहेरी परत जायचा विचार सोडला. पिराजीला तर नवा जन्मच मिळाला. भट्टीवर आयुष्य गेलेला माणूस, मोठ्या शेगड्यांची आच त्याच्याइतकी कुणाला कळणार? खुर्ची टाकून शेगड्यांजवळ बसायचा आणि तिथनंच ओरडायचा, "बारीक करा! करपतंय!" पुढं एक जुना टेम्पो आला. विजयसिंहनं दोन म्हशी वाढवल्या. घरांना रंग लागले, गल्लीतल्या देवळावर नवा पत्रा चढला. आणि कुणाच्या दारात दुःख आलं तर न बोलता भाकऱ्यांची टोपली पोचत राहिली.

गल्लीच्या टोकाला नवं अपार्टमेंट झालं, तिथं दत्तोपंत आणि कालिंदीकाकू राहायला आले. दत्तोपंत बँकेतनं निवृत्त झालेले, पुण्याकडचे. मुलगा परदेशी. दोघं सभ्य, पण आपल्यातच. पहिल्या जत्रेला रस्त्यावर मटण शिजायला लागलं तशी त्यांच्या खिडक्या पटापट बंद झाल्या. पोरांनी त्यांचं नाव 'खिडकीवाले' ठेवलं. आक्का मात्र पोरांना रागवायची. "त्यास्नी वास सोसत न्हाय, त्यात हसण्यागत काय?"

गेल्या साली हुपरीचे भूपालअण्णा आक्काकडं आले, घराणं जैन. घरी पैंजणांचा कारखाना. त्यांच्या आई पर्युषणातले सगळे उपवास करणार होत्या आणि त्यानंतर पारण्याला सगळ्या पावण्यांना जेवण घालायचं होतं.

"तुमच्या हाताची कीर्ती ऐकलीया, आक्का."

"अण्णा, आधीच सांगतो," आक्का म्हणाली. "आमच्या भांड्यात मटण शिजतंय. तुमास्नी चालायचं न्हाय."

"भांडी आमच्या बस्तीतली, देवळातली हायत की. आमच्या समाजाची. तुम्ही फक्त हात घेऊन या. पण कांदा-लसूण न्हाय, बटाटा न्हाय. आणि दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली पायजेत."

आक्का 'व्हय' म्हणाली आणि भूपालअण्णा गेल्यावर तिनं कपाळावर हात मारला. तिचा सगळा स्वयंपाक कांदा-लसूण चटणीवर उभा. "कांद्याबिगर रस्सा म्हंजे ढोलाबिगर मिरवणूक," ती पिराजीला म्हणाली. घरी एकदा करून बघितला. पिराजीनं एक घास खाल्ला आणि पाणी प्याला. ते पाणी पिणंच आक्काला झोंबलं.

दुसऱ्या दिवशी ती अपार्टमेंटचे जिने चढली. कालिंदीकाकूंनी दार अर्धवटच उघडलं.

"वैनी, चातुर्मासात तुम्ही कांदा-लसूण खात न्हाय न्हवं?"

"नाही. का हो?"

"मग मला शिकवा. मला येत न्हाय."

कालिंदीकाकूंनी दार पूर्ण उघडलं. नंतर त्यांनीच मला सांगितलं की ह्या गल्लीत आल्यापासून कुणी त्यांच्याकडं काही मागायला आलंच नव्हतं. साखर-विरजणसुद्धा नाही. "मागितल्याशिवाय शेजार कसा होणार हो?" त्या म्हणाल्या.

दोघी कामाला लागल्या. गोडा मसाला भाजला, खोबरं, तीळ, चिंच-गूळ, हिंगाची फोडणी. कटाची आमटी झाली. दत्तोपंतांनी भुरका मारून मान डोलावली. आक्कानं चव घेतली आणि म्हणाली, "वैनी, चव झ्याक हाय. पण झोपलीया. जरा मिरची घालून उठवू काय?" कालिंदीकाकूंनी भीतभीतच परवानगी दिली. उठलेली आमटी खाऊन दत्तोपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी वाटी पुढं केली.

पारण्याच्या दिवशी टेम्पोत आम्ही सात-आठजणी आणि पुढं पिराजी. कालिंदीकाकू मधोमध, मांडीवर मसाल्याचा डबा घट्ट धरून. बस्तीची पातेली अंगणात मांडलेली होती, आमच्यासारखीच, फक्त वर दुसरं नाव कोरलेलं. संयोगितानं पुरणपोळ्यांची रास लावली. सगळं वेळेत झालं, आणि पावण्यांची बसच वाटेत बंद पडली.

पावणे पोचले तेव्हा ऊन उसाच्या शेंड्यांवर कलायला लागलं होतं. भूपालअण्णांचा चेहरा उतरला. "आता कसं व्हायचं?"

"बसवा समद्यास्नी एकदम!" आक्का गरजली. "पंगती अंगणात, व्हरांड्यात, कारखान्यात, जागा मिळंल तिथं!"

पैंजणांची यंत्रं बाजूला सारून कारखान्यात पानं मांडली. भूपालअण्णा स्वतः पोळ्या वाढत होते, पिराजी लंगडत आमटीची बादली घेऊन फिरत होता. आणि कालिंदीकाकू, ज्या गल्लीत हळू आवाजातसुद्धा बोलत नसत, त्या पदर खोचून ओरडत होत्या, "तूप! इकडे तूप आलं नाही अजून!" शेवटच्या पानावरचा शेवटचा घास संपला तेव्हा सूर्य अजून थोडा शिल्लक होता. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळं अंगण वाजवायला लागलं.

उपवासानं वाळलेल्या आज्जींनी दोघींना जवळ बसवून चांदीची एकेक कोयरी हातात दिली. "आमटी कुणी केली गं?" त्यांनी विचारलं.

"हिनं," दोघी एकमेकींकडं बोट दाखवून म्हणाल्या.

तेव्हापासून आक्काच्या दारावरच्या धंद्याच्या पाटीवर खाली एक ओळ वाढली: 'बिनकांदा-लसूण जेवण स्वतंत्र भांड्यात मिळेल'. ती भांडी कालिंदीकाकूंनी घेतली आणि आपल्याच घरात ठेवली. जैन, लिंगायत, चातुर्मास पाळणारी घरं, कितीतरी नवी गिऱ्हाइकं जोडली गेली आणि पोळ्या लाटायला आणखी हात लागले.

ह्या आषाढात जत्रेला दोन पंगती बसल्या, एक तिखट, मटणाची, आणि एक गोड, बिनमटणाची. मधली जागा पोरांची, दोन्हीकडचं खाणाऱ्यांची. दत्तोपंत गोड पंगतीत वाढायला होते. वाजप जवळ आलं तसे त्यांचे खांदे आपोआप हलायला लागले. विजयसिंहनं ते बघितलं आणि त्यांच्या हातातनं भाताची परात काढून घेतली.

"काका, लाजतासा काय? या की!"

कालिंदीकाकू "अहो, गुडघा, गुडघा!" म्हणत मागं धावल्या, तोवर दत्तोपंत ढोलाच्या पुढं पोचले होते.