पाचशे एकोणपन्नास न्यूटन

काट्यावर चढण्याआधी सर चपला काढत. मग चष्मा काढून खिशात ठेवत, आणि खिशातल्या चष्म्याचंही वजन होतं हे आठवून तो माझ्या हातात देत. काटेवाला "एकाहत्तर!" असं ओरडला की हात वर करून त्याला थांबवत.

"किलो हे वजन नाही हो, भाऊ. ते वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वी मला ओढते तो जोर."

मग मनातल्या मनात नऊ पूर्णांक आठनं गुणत आणि गोदामाच्या लाकडी दारावर खडूनं लिहीत: ६९६ न्यूटन.

वडशाजवळच्या आमच्या गावात धान गोदामात आलं, पोती मोजून झाली, की माणसंही काट्यावर चढतात. कुणी ठरवलेलं नाही, पण दर हंगामाला होतं. कोण सुटला, कोण वाळला यावर आठवडाभर थट्टा चालते. माझे वर्षानुवर्षं चौसष्ट किलो. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचो, सर भौतिकशास्त्र. हमाल त्यांना विचारत, "सर, मले बी पृथ्वी ओढून राह्यली का?" सर गंभीरपणे म्हणत, "तुला जरा जास्तच."

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आपण त्याला हसतो आणि तो नसला की बैठक बेचव होते.

एकदा एका पुढाऱ्याची तांदूळतुला होती. हार, भोंगे, एका पारड्यात पाहुणे, दुसऱ्यात पोती. सर माझ्या कानाशी म्हणाले, "यांना चंद्रावर नेलं तरी एवढाच तांदूळ लागेल. तिथं दोघंही सारखेच हलके होतील." त्या समारंभात बोललं गेलेलं अर्थपूर्ण असं ते एकच वाक्य असावं.

"मग किलोच बरा की," मी म्हणालो.

"म्हणून तर लोक सोडत नाहीत. बाजारात माल किती ते विचारतात, पृथ्वी किती ओढते ते नाही. आपला गोदामातला काटा मोजतो जोर आणि सांगतो किलो. खोटंच बोलतो, पण सगळ्यांच्या सोयीचं. साठ किलो म्हटलं की माणूस डोळ्यासमोर उभा राहतो. पाचशे अठ्ठ्याऐंशी न्यूटन म्हटलं की कोणीच उभं राहत नाही."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं.

मागच्या हंगामात सर आमच्याबरोबर काट्यावर आलेच नाहीत. काटेवाला जेवायला गेला की भर दुपारी एकटेच जात. दारावर आकडे मात्र दिसत. मी येताजाता पाहायचो आणि हसायचो.

एक दिवस सरांच्या घरून वहिनी आमच्या अंगणात आल्या. बसल्या नाहीत.

"भाऊ, यायच्या पॅन्टले दोनदा टाके घातले मी. तरी ढिल्या होऊन राह्यल्या. जेवण अर्ध्यावर सोडतेत. वजन किती विचारलं का म्हणतेत, पाचशे एकोणपन्नास. मले का समजते त्यातलं? इतकं मोठं आहे म्हणतेत, भेतेस काऊन?"

मी गोदामाकडे गेलो. आदल्या वर्षीचा ६९६ पुसट झाला होता. त्याखाली त्या हंगामाचे तीन: ६१७, ५७८, ५४९. मराठीच्या मास्तरानं पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला. त्रेसष्ट. एकोणसाठ. छप्पन. दोनदा ताडून पाहिला, कारण माझं गणित कच्चं आहे आणि त्या दिवशी ते कच्चं असावं अशी माझी फार इच्छा होती.

मागे सर उभे होते. उन्हात स्वेटर घालून.

"आला भागाकार?" ते म्हणाले.

"नागपूरला चला."

"माझे वडील असेच उतरत गेले होते. नागपूरला गेले आणि नाव कळलं. नाव कळल्यावर ते काही बोललेच नाहीत." त्यांनी खडू दाराच्या खालच्या खाचेत ठेवला. "आकडा मोठा असला की भीती कमी वाटते हो. हे विज्ञान नाही, मला माहीत आहे. हिला सांगू नका."

मी वहिनींना सांगितलं. "छप्पन किलो."

त्यांनी हळूच विचारलं, "चपला घालून का?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नागपूरला गेलो. गाडीत सर खिडकीबाहेरच पाहत होते. दवाखान्यात परिचारिकेनं त्यांना काट्यावर चढवलं. त्यांनी चपला काढल्या नाहीत, चष्माही नाही. ती कागदावर लिहिता लिहिता म्हणाली, "आकडा सांगा काका."

मी वाट पाहत होतो. आता हात वर होईल, आता पृथ्वी येईल.

"चोपन्न किलो," सर म्हणाले.

डॉक्टरांनी रोगाचं नाव त्यानंतर तासाभरानं सांगितलं.

होळीच्या आत सर गेले.

या हंगामात गोदामाचं दार कुणी धुतलं नाही. हमाल पोती रचतात, पण दाराच्या त्या आकड्यांच्या फळीला टेकवून नाही. परवा मोजणी संपल्यावर काटेवाला म्हणाला, "चढा ना गुरुजी, तुमचं बी होऊन जाऊ द्या."

मी चपला काढल्या, चष्मा काढला. तो हातात घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून पोत्यावर ठेवला.

"एकसष्ट!" काटेवाला ओरडला. "उतरले का जी जरासे?"

हमाल हसले. मीही हसलो. चष्मा लावून दाराशी गेलो. खालच्या खाचेत सरांचा खडूचा तुकडा अजून होता. वेळ लागला, पण गुणाकार जमला.

पाचशे अठ्ठ्याण्णव.

आकडा खरंच मोठा दिसतो.