पुलावर बसलेला रेडा

दिल्लीत आल्यावर मी वर्षभर हातठेला ओढला आहे, त्यामुळे माल कशावर न्यावा हे मला कुणी शिकवू नये. गल्लीबोळात हातठेला, जवळपास जायला तीनचाकी सायकलचा रेहडा, आणि जड ओझ्याला बुग्गी, म्हणजे एका रेड्याची लांबलचक गाडी. टेम्पो मी टाळायचो. टेम्पोवाला भाव सांगून तोंड फिरवतो. बुग्गीवाल्याशी घासाघीस करता येते.

मयूर विहारमध्ये नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या, तेव्हा मी तिथं पानिपतच्या चादरी-रजयांचं दुकान टाकलं. पहिली मोठी ऑर्डर आली एका मराठी सरकारी अधिकाऱ्याकडून, मुलीच्या लग्नासाठी. दिल्लीत राहून आपल्या लोकांतही रुखवताशेजारी रजया मांडायची पद्धत आली होती.

"आपला माणूस म्हणून तुमच्याकडे आलो," ते म्हणाले, "पण उद्या दुपारी बाराला पाहुण्या बायका रुखवत बघायला येणार. तोवर माल आला नाही, तर दुसरीकडून उचलेन."

ही ऑर्डर गेली तर सोसायटीतलं एकही घर माझ्या दुकानाची पायरी चढणार नव्हतं.

माल ट्रकनं यमुनेच्या पलीकडच्या गोदामात आला होता; मयूर विहारला आणायचा तर पूल ओलांडायला हवा. जेठाचं, म्हणजे मे-जूनचं, ऊन सकाळीच चटके देत होतं. म्हातारा बुग्गीवाला म्हणाला, "बाबूजी, पुल से पहले इसे आधा घंटा पानी में छोड़ना पड़ेगा."

"आधा घंटा? सीधा चल, नहीं तो दूसरी गाड़ी देखता हूँ."

"मुझे क्या, इससे पूछ लो." त्यानं रेड्याकडे बोट केलं.

"भाड़ा तू लेगा कि ये?"

तो हसला आणि तयार झाला. सौदा जिंकल्याच्या ऐटीत मी गठ्ठ्यांवर चढून बसलो.

पुलाच्या मध्यावर रेडा थांबला. तोंडाला फेस होता. मग तो गुडघे मोडून रस्त्यावरच बसला.

मी ओरडलो, शेपटी पिरगाळली, जू उचलून पाहिलं. मागच्या बसवाल्यानं मला आणि रेड्याला एकच शिवी दिली. थंड पाण्याचा ठेला दिसला, तिथून धावत ग्लासनं पाणी आणून रेड्याच्या पाठीवर ओतत राहिलो. पुढचा ग्लास आणेपर्यंत पाठ कोरडी. म्हातारा गाडीखालच्या सावलीत बिडी ओढत होता.

"उठा इसे!"

"मेरी तो सुनता है, बाबूजी. पर अभी नहीं सुनेगा."

बारा वाजून गेले. तासाभरानं शेजारून एक टेम्पो गेला, लाल रजयांनी भरलेला. ड्रायव्हरजवळ तेच अधिकारी बसले होते. त्यांनी मला पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि मान वळवली. थांबून निदान शिव्या तरी घालायच्या! त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ऊन कललं तसा रेडा आपणहून उठला. पूल उतरल्यावर म्हाताऱ्यानं कासरा ओढला आणि विचारलं, "अब किधर, बाबूजी?"

"इससे पूछ लो," मी रेड्याकडे बोट केलं.