सीट चार बोटं खाली

मी वीस वर्षं कंपनीत फिटर आहे. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढची फजिती वाचून कुणी म्हणेल, ह्याला पाना धरता तरी येत होता का. येत होता. माणसाएवढे पंप मी उघडतो, साफ करतो आणि परत जोडतो. पण एका काळ्या, बावीस इंची, जुन्या सायकलीने मला हात टेकायला लावले.

सायकल कान्हाकाकांची. कान्हाकाका म्हणजे माझ्या सोनूमावशीचे यजमान. हरिहरेश्वरच्या अलीकडे, खाडीच्या तोंडावर त्यांचा कोळीवाडा आहे. काका आयुष्यभर समुद्रावर गेले, शेवटची दहा वर्षं तर होडीचे तांडेल, म्हणजे कप्तान होते. माणूस सहा फुटी, आवाज खणखणीत. बंदरावरून हाक मारली की शेवटच्या घरात ऐकू यायची. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चहा पिताना कप हातातून पडला आणि काकांची डावी बाजू गेली. पुढे हातात थोडी ताकद आली, काठी घेऊन घरातल्या घरात ते चालू लागले, पण जीभ जड झाली ती झालीच. आणि आपल्या पायांनी उंबरठा काही त्यांनी ओलांडला नाही. बोलायला गेलं की तोंड भिंतीकडे. ज्याच्या हाकेवर होड्या वळायच्या, त्याला लोकांनी लंगडताना बघू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तेही त्यांनी बोलून दाखवलं नाही, आम्ही आपलं समजून घेतलं.

सोनूमावशी मात्र थांबली नाही. थांबून चालणारही नव्हतं. काकांची सायकल तिने घेतली, मागच्या कॅरिअरला मासळीचा क्रेट बांधला आणि वरच्या गावांत विकायला जाऊ लागली. मावशी उंचीने जेमतेम पाच फूट. सायकल धरून चालत जायची, चालत यायची. आमच्याकडे कोळीण सायकलवर बसून मासे विकते असं कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलासुद्धा नाही.

यंदा उन्हाळ्यात तिचा फोन आला. मी म्हसळ्याला राहतो. तिथेच महिन्यातून एकदा मावशी काकांना उचलून गाडीत बसवून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे आणायची.

"सुजित, येतंस का? सायकलची सीट चार बोटं खाली घ्यायची हाय. बाकी कायच नको."

"चार बोटं कशाला?"

"बाई बोलली, सायकलवर बसवा, दोनी पाय जमिनीला टेकू द्या, आन पायानं ढकलत अंगनात फिरवा. पाय सुटंल बोलली." मग आवाज खाली आला. "यांना काठी धरून भायेर जायला लाज वाटते. सायकलला नाय बोलायचे न्हाईत. त्यांचीच हाय ती. पन पाऊस लागायच्या आदी झाला पायजे. आता न्हाय सुटला तर मग न्हाय सुटायचा, असा बोलली बाई."

एवढं सगळं चार बोटांवर येऊन ठेपलं होतं. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम. हे वाक्य मी परत कधी तोंडातून काढणार नाही.

रविवारी गेलो. सायकल अंगणात उभी केली, सीटखालचा बोल्ट सैल केला. तो लगेच आला. मग दोन्ही हातांनी सीट धरून पिळली. काही नाही. खाली दाबली, वर ओढली, पायात सायकल धरून ओढली. पाइप चौकटीत असा बसला होता, जणू एकाच लोखंडात ओतलाय. गंज असणार, मी म्हटलं. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं दुसरं काय होणार! गंज सोडवायचा स्प्रे बरोबर आणलाच होता. तो मारला, चहा घेतला, परत पिळली. परत स्प्रे. मग सीट काढून ठेवली आणि पाइपला मोठा पाइप पाना लावला. पाना घसरला, पाइपवर चकचकीत ओरखडे उठले आणि माझ्या बोटांची सालं गेली. मग मी हातोडा घेतला.

"मोडलंस तर घरात पाय ठेवू नको," मावशी म्हणाली. ती दाराशी कोळंबी सोलत बसली होती. सोलता सोलता प्रत्येक घावाला तिचे खांदे उडत होते.

"मावशी, ही सायकल मेलीय. नवीन घेऊ. कमी उंचीची, गिअरची घेऊ."

"नव्या सायकलवर ते बसनार न्हाईत."

"मग पाइप कापतो."

"कापतो?" ती उठली, येऊन माझ्या हातातला हातोडा काढून घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात राग. "मी एवढी जपली ती. भांग आला का पुसते, तेल घालते. दोन वरसं. एक भांग चुकवला न्हाय. आन तू कापतंस?"

भांग म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते दिवस. होड्या तेव्हा बंदरात असतात आणि डागडुजीची सगळी कामं कोळी तेव्हाच काढतात. महिन्यातून दोनदा भांग, म्हणजे मावशीने दोन वर्षांत जवळजवळ पन्नास वेळा सायकलला तेल घातलं होतं. मला तिची कीव आली आणि माझ्या रागाची लाज वाटली. मी खाली बसलो. बोटं चोखत.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "मुशी."

काका उंबरठ्याच्या आत काठी धरून उभे होते. मला वाटलं मुशी मासा खायचाय. मावशीलाही तेच वाटलं. "आज न्हाय मिलाली मुशी. कोलंबी हाय," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. नाकाने हवा ओढली आणि काठी उचलून सायकलकडे रोखली. "मुशी. तेल. वास."

मी पाइपला नाक लावलं. माझ्या स्प्रेच्या दर्पाखालून खरंच तो वास येत होता. जुना, उग्र, लाकडी होडीच्या पोटाचा वास. मी मावशीकडे बघितलं.

"तेल म्हनजे कोनता घालायचा मग?" मावशी म्हणाली. "मुशीचाच घातला."

आता हे कोळ्याशिवाय कुणाला सुचणार नाही आणि कोळ्याशिवाय कुणाला कळणारही नाही. मुशी म्हणजे छोटा शार्क. तिच्या काळजाचं, म्हणजे यकृताचं तेल लाकडी होडीला बाहेरून चोपडतात. ते वाळलं की लाकडावर त्याची साल धरते आणि पाणी आत शिरत नाही. होडीला तेल चालतं ते वाळतं म्हणूनच. काकांची होडी पुढे फायबरची आली, तिला तेल लागेना, पण घरात कॅन उरला होता. मावशीने लहानपणापासून एकच पाहिलं होतं, खाऱ्या पाण्यापासून जे जपायचं त्याला मुशीचं तेल. तिने चेनला घातलं नाही, कारण चेनला काका होडीच्या इंजिनाचं ग्रीस लावायचे हे तिने पाहिलं होतं. पण सीटच्या पाइपला? तिथून पाणी आत जाईल म्हणून तिने चौकटीच्या तोंडाशी, अगदी प्रेमाने, थेंब थेंब सोडलं. पन्नास वेळा. आत त्याची लाख झाली.

गंज नव्हताच. माझ्या मावशीने सायकल जपून जपून चिकटवली होती.

तिला ते कळलं तेव्हा ती मटकन खाली बसली. "मीच केला," म्हणाली. "मीच बसवला त्यांचा पाय."

आणि काका हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. अर्धंच तोंड हललं, पण पोट सगळं हललं. हसता हसता त्यांनी काठी बाहेर टेकली, मग उजवा पाय, मग हाताने दाराची चौकट धरून डावा पाय ओढून घेतला. उंबरठा ओलांडून पायरीवर बसले. मावशी बघतच राहिली. मी धरायला उठलो तर त्यांनी मला हातानेच बसवलं.

"पानी," ते म्हणाले. "कडत. फडका. डिझेल."

पुढचा दीड तास तांडेल पुन्हा होडीवर होता. एकेक शब्द यायला वेळ लागायचा, पण हुकूम तो हुकूम. उकळतं पाणी फडक्यावर ओतून फडका चौकटीच्या नळीला गुंडाळायचा. आतल्या पाइपला नाही, बाहेरच्या नळीला, म्हणजे ती जरा सैल होईल. थंड झाला की दुसरा. पाइपभोवती सुती वात गुंडाळून तिच्यावर डिझेल सोडायचं, म्हणजे ते हळूहळू आत उतरेल. मावशी पाण्याची पातेली आणत होती, मी फडके बदलत होतो. मी पाइप पाना उचलला की काठी माझ्या गुडघ्यावर यायची.

"सीट लाव."

"काका, सीट आता काढली ना."

"लाव. घट."

मी सीट परत पाइपवर बसवून घट्ट केली.

"सुकानू," काका म्हणाले आणि होडीचं सुकाणू वळवावं तसा हवेत हात फिरवून दाखवला. जरा डावीकडे, जरा उजवीकडे. जोर नाही. मी सीट दोन्ही हातांनी धरली आणि तशीच फिरवली. डावीकडे, उजवीकडे. फडका बदलला. परत. चौथ्या की पाचव्या फडक्याला आतून कर्र झालं आणि सीट केसभर सरकली. मावशीने देवाचं नाव घेतलं. मी मात्र एक शिवी घातली, आनंदाने.

त्यानंतर पाव तासात पाइप हातात आला. त्याच्यावर पिवळ्या-तपकिरी तेलाची साल होती, चाकूने खरवडली तर कांद्यासारखी सुटत होती. मी पाइप घासला, नळी आतून पुसली, दोन्हीला ग्रीस लावलं. पाइप आत सोडला तर तो अलगद खाली गेला. मावशीने पदराने डोळे पुसले.

"या," ती काकांना म्हणाली. "उभे ऱ्हा सायकलच्या बाजूला. माप घेऊ द्या सुजितला."

काका उठले. काठीवर भार देत सायकलपर्यंत आले. पण बाजूला उभे राहिले नाहीत. काठी काखेत धरून चांगल्या हाताने त्यांनी मावशीचा दंड धरला, तिला सायकलला लावून उभी केली आणि हाताची कड तिच्या कमरेला लावली. मग माझ्याकडे बघितलं. "हितं."

"अवो, तुमच्यासाठी करतोय ना ते!"

"हितं," काका मला म्हणाले.

"मी काय करू बसून? माजा वय बगा."

काकांनी शब्द जुळवायला वेळ घेतला.

"दोन वरसं," ते म्हणाले, "आयकतंय. आत पडून. चाकाचा आवाज." थोडं थांबले. "चढाला टिक... टिक. ठीक हाय. उताराला पन टिक... टिक." त्यांची मान हलत होती. "उतारावरून पन चालत येतंस तू, सोनू. लगनाआदी... बापाची सायकल... पलवायचीस."

तिकडे जाता-येता मावशी उतारावरून चालत येताना मी कितीदा पाहिली होती, गाडीचा हॉर्न वाजवून पुढेही गेलो होतो. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाने चाकाच्या टिकटिकीवरून जे ओळखलं, ते मला डोळ्यांनी दिसलं नव्हतं.

मी सीट खाली घेतली. चार बोटं नाही, वीतभर. बोल्ट आवळला.

कोळणीचं लुगडं कासोट्याचं, मधल्या दांड्याची तिला अडचण नव्हती. ती लाजत, इकडेतिकडे बघत दांड्यावरून पाय टाकून बसली. चपलेचे चवडे जमिनीला टेकले. पण हँडल थरथरत होतं. काकांनी काठी माझ्याकडे दिली आणि मागचं कॅरिअर उजव्या हाताने पकडलं. त्यांनी तिला सावरलं होतं की सायकलने त्यांना, मला सांगता येणार नाही.

मावशीने पायडल मारलं. सायकल हळू निघाली आणि मागोमाग काका, डावा पाय ओढत, फाटकातून थेट रस्त्यावर. शेजारच्या नीराबाई सुकटीवरून उठून बघू लागल्या. काकांनी तिकडे मान वळवली नाही.

"सोडू नका हां," मावशी ओरडली.

"न्हाय सोडत," काका म्हणाले.

आणि पार बंदराच्या वळणापर्यंत त्यांनी सोडलं नाही.